स्नो ब्लोअर म्हणजे काय? घरासाठी कसा निवडायचा आणि वापरताना हात कसा वाचवायचा?



डिसेंबर-जानेवारी आला की इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एक व्हिडिओ हमखास समोर येतो. लाल किंवा केशरी रंगाचं मशीन, मागे जाड जॅकेट घातलेला माणूस, आणि मशीनच्या नळीतून कमानीसारखा उडणारा पांढराशुभ्र बर्फ. बघायला एकदम भारी वाटतं. हेच मशीन म्हणजे स्नो ब्लोअर.

आपल्याकडे महाराष्ट्रात याचं काहीच काम नाही, हे खरं. पण आज आपल्यातली कितीतरी मुलं-मुली शिकायला नाहीतर नोकरीसाठी कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जातात. पहिल्याच हिवाळ्यात भाड्याच्या घराचा मालक गॅरेजकडे बोट दाखवून म्हणतो, "मशीन तिथं आहे, वापरा." ज्याने आयुष्यात कधी स्नो पाहिला नाही, त्याच्या हातात थेट हे मशीन येतं. तिथल्या मुलांनी लहानपणापासून वडिलांना ते चालवताना पाहिलेलं असतं. आपण पाहिलेलं नसतं. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गावाकडे कडबा कुट्टीचं मशीन किंवा मळणी यंत्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना हात अडकणं म्हणजे काय ते माहीत असतं. स्नो ब्लोअर त्याच जातीचं मशीन आहे. फरक इतकाच, की यातला मोठा धोका इंजिन बंद केल्यानंतरही शिल्लक राहतो. तो कसा, ते पुढे पाहू.

## स्नो ब्लोअर नेमकं काम कसं करतो?

आधी शब्दांचा एक छोटा घोळ सोडवू. मराठीत आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फालाही बर्फ म्हणतात आणि फ्रीजरमधल्या दगडासारख्या बर्फालाही बर्फच. या लेखात पहिल्याला 'स्नो' आणि दुसऱ्याला 'आइस' म्हणू या. कारण हे मशीन फक्त स्नोसाठी आहे. जमिनीला घट्ट चिकटलेला आइस ते काढू शकत नाही. त्यासाठी मीठ आणि खरवडणीच लागते.

मशीनच्या तोंडाशी आडवा फिरणारा एक स्क्रू असतो, त्याला ऑगर म्हणतात. तेलघाण्यातला किंवा खिमा करायच्या यंत्रातला स्क्रू डोळ्यांसमोर आणा. ऑगर दोन्ही बाजूंचा स्नो मधोमध ओढून आणतो. तिथून तो वरच्या नळीत, म्हणजे शूटमध्ये जातो आणि बाहेर फेकला जातो. शूट डावीकडे-उजवीकडे वळवता येते आणि तिच्या टोकावरच्या झडपेने स्नो किती लांब पडणार ते ठरवता येतं.

या मशीनचा मान कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या आर्थर सिकार्डला दिला जातो. त्याने १९२५ मध्ये ट्रकवर बसवलेला, रस्ते मोकळे करणारा स्नो ब्लोअर तयार केला. घरासमोर एकट्या माणसाने ढकलायची छोटी मशीन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. आपल्या देशातही याचे मोठे भाऊ आहेत बरं का! झोजिला आणि रोहतांगसारख्या खिंडी मोकळ्या करायला सीमा रस्ते संघटना अशीच अवाढव्य मशीन वापरते. तिकडे त्यांना 'स्नो कटर' म्हणतात.

## फावडं पुरत नाही का?

छोटी जागा असेल तर पुरतं. उगाच खर्च करू नका. पण एक साधा हिशोब करून बघा.

समजा घरासमोर दोन गाड्यांचा ड्राइव्हवे आहे, ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब. त्यावर १५ सेंटीमीटर स्नो पडला, तर तो झाला जवळपास ११ घनमीटर. कोरडा, हलका स्नो एका घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरला, तरी एक टनापेक्षा जास्त वजन. तोच स्नो ओला असेल तर दोन-तीन टन. एवढं वजन सकाळी सहा वाजता, ऑफिसला जायच्या आधी, शून्याखाली तापमानात उचलून बाजूला फेकायचं. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यात असे जोराचे कष्ट. म्हणूनच दर हिवाळ्यात स्नो उपसताना हृदयविकाराचा झटका आल्याच्या बातम्या तिथे येतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मशीनसुद्धा डॉक्टरांना विचारूनच हातात घ्यावं, कारण ओल्या स्नोत ते ढकलणंही सोपं नसतं.

आणि "राहू दे, वितळेल आपोआप" हेही चालत नाही. घरासमोरची पायवाट मोकळी करणं ही बऱ्याच शहरांत घरवाल्याची कायदेशीर जबाबदारी असते. बोस्टनमध्ये स्नो थांबल्यावर ३ तासांत, तर कॅल्गरीत २४ तासांत ती साफ करावी लागते. प्रत्येक शहराचा नियम वेगळा आहे. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तो बघून ठेवा. भाडेकरू असाल तर हे काम तुमचं की मालकाचं, ते करारात लिहून घ्या.

## स्नो ब्लोअरचे प्रकार कोणते?

सिंगल स्टेज: यात फक्त ऑगर असतो. तोच स्नो गोळा करतो आणि तोच फेकतो. ऑगरच्या रबरी कडा जमिनीला घासून चालतात, त्यामुळे फरशी किंवा डांबर एकदम स्वच्छ निघतं. वजनाला हलका, ठेवायला सोपा. २०-२२ सेंटीमीटरपर्यंतच्या स्नोला छान. पण ड्राइव्हवे खडीचा असेल तर हा प्रकार विसरा. रबरी पाती खडी उचलतील आणि गोळीसारखी फेकतील. शेजाऱ्याच्या गाडीची काच तुमच्या खिशावर पडेल.

टू स्टेज: इथे ऑगर स्नो फक्त आत ओढतो. त्याच्यामागे इम्पेलर नावाचा एक जोरात फिरणारा पंखा असतो, तो स्नो शूटमधून बाहेर भिरकावतो. ऑगर जमिनीला टेकत नाही, दोन्ही बाजूंच्या स्किड शूने त्याची उंची कमी-जास्त करता येते, म्हणून खडीवरही चालतो. चाकं इंजिनवर फिरतात, त्यामुळे मशीन स्वतःच पुढे जातं, तुम्ही फक्त दिशा द्यायची.

थ्री स्टेज: टू स्टेजमध्येच आणखी एक फिरणारा भाग घातलेला असतो, तो स्नो अजून वेगाने पंख्याकडे लोटतो. साध्या घराला सहसा गरज नसते.

## पेट्रोल की बॅटरी?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या जवळचा आहे, कारण यातलं अर्ध उत्तर तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे.

थंडीत फोन अचानक बंद पडतो, हे मनाली-लडाखला जाऊन आलेल्यांना माहीत असेल. ॲपलही आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगते. कारण लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. स्नो ब्लोअरमध्येही तीच लिथियम-आयन बॅटरी असते, फक्त मोठी. म्हणजे जेव्हा मशीनची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हाच बॅटरी थोडी कमी साथ देते.

यावर उपाय सोपा आहे. मशीन गॅरेजमध्ये राहू द्या, बॅटरी मात्र काढून घरात उबेला ठेवा आणि काम सुरू करतानाच बसवा. शून्याखालच्या तापमानात ती चार्जिंगला लावू नका, त्याने बॅटरी कायमची खराब होऊ शकते. बाहेरून आणली की आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्जर लावा.

आता आकड्यांत बघू. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात. ५६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे २८० वॅट-अवर. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-अवर असतात, म्हणजे ही बॅटरी जवळपास पंधरा फोनइतकी. ऐकायला खूप वाटतं. पण एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९,००० वॅट-अवर ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत वाया घालवतं, तरीही पेट्रोलवाला पुढेच राहतो. म्हणून जाहिरातीत नुसते '८० व्होल्ट' बघून भुलू नका. व्होल्ट म्हणजे सगळं काही नव्हे, गुणाकार करा आणि एका चार्जमध्ये तुमचा ड्राइव्हवे होईल का ते विचारा.

माझं मत विचाराल तर, एका-दोन गाड्यांची डांबरी किंवा सिमेंटची जागा आणि अधूनमधून पडणारा स्नो असेल तर बॅटरीवाला घ्या. धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही, पहाटे शेजाऱ्यांची झोपमोड कमी. लांबलचक ड्राइव्हवे, खडी, चढ आणि दर आठवड्याला गुडघाभर स्नो, अशी जागा असेल तर अजून तरी पेट्रोलचा टू स्टेजच बरा.

तिसरा पर्याय वायरवाल्या इलेक्ट्रिक मशीनचा. काही शे डॉलरमध्ये मिळतो आणि लहान अंगण, जिना, बाल्कनीसाठी ठीक आहे. पण वायर बाहेर वापरायच्या दर्जाची आणि पुरेशी जाड हवी. घरातली बारीक एक्स्टेन्शन जोडलीत तर ती तापते आणि मोटरला वीज कमी पडते. जमिनीवर ओल असते, त्यामुळे करंट गळाला की लगेच बंद होणाऱ्या सुरक्षित सॉकेटमध्येच पिन लावा. आणि ती वायर सतत मशीनच्या मागे, तोंडापासून लांब राहील अशी सांभाळावी लागते, हे काम दिसतं त्यापेक्षा कंटाळवाणं आहे.

## किती मोठा घ्यायचा?

दुकानात गेलात की विक्रेता रुंदीवरून सुरुवात करतो. २१ इंच, २४ इंच, २८ इंच, ३० इंच. मोठा घेतला की काम पटकन होईल, असं वाटतं. पण वरच्याच ६ मीटर रुंद ड्राइव्हवेचा हिशोब केला, तर २४ इंचीला साधारण १० फेऱ्या लागतात आणि २८ इंचीला ९. एका फेरीसाठी जास्तीचे पैसे, जास्तीचं वजन आणि गॅरेजमध्ये जास्तीची जागा! कमी अंगकाठीच्या माणसाला तर जड मशीन वळवताना घाम फुटतो. पेट्रोलचे टू स्टेज साधारण हजार डॉलरच्या आसपास सुरू होऊन बरेच वर जातात, तेव्हा ही चैन विचार करून करा.

रुंदीपेक्षा एक वेगळीच गोष्ट बघायला हवी. ती म्हणजे ड्राइव्हवेच्या तोंडाशी साचणारा ढीग. तुम्ही सकाळी उठून सगळं स्वच्छ करता. तेवढ्यात नगरपालिकेची स्नो ढकलणारी गाडी रस्त्यावरून जाते आणि रस्त्यावरचा सगळा स्नो तुमच्या दारात एका बांधासारखा लावून जाते. हा भुसभुशीत नसतो. दाबलेला, ओला, मीठ आणि माती मिसळलेला, काही तासांत दगडासारखा होणारा. घरातली सगळी चिडचिड या ढिगावरच निघते. हलका सिंगल स्टेज त्यावर नुसता उड्या मारतो. तेव्हा मशीन निवडताना स्वतःला विचारा: आमच्या रस्त्यावर ही गाडी येते का, आणि तो बांध किती उंच होतो? कंबरेएवढा होत असेल तर टू स्टेज घ्या, मग ड्राइव्हवे लहान असला तरी चालेल.

## सेकंडहँड घेताना काय बघायचं?

विद्यार्थी आणि नवीन गेलेली मंडळी बहुतेक वेळा मार्केटप्लेसवरून जुनंच मशीन घेतात. त्यात वाईट काही नाही. फोटो बघून पैसे मात्र पाठवू नका. समोर जाऊन, इंजिन थंड असताना चालू करून दाखवायला सांगा. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं.

मग हँडलवरचे दोन दांडे तपासा. टू स्टेजमध्ये एक दाबला की चाकं फिरतात, दुसरा दाबला की ऑगर. सोडले की दोन्ही काही सेकंदांत थांबायला हवेत. हीच सगळ्यात महत्त्वाची सुरक्षा आहे. तुम्ही घसरून पडलात, तर हात सुटतो आणि मशीन थांबतं. जुन्या मालकाने दांडा दोरीने किंवा टेपने बांधून ठेवला असेल, किंवा सोडल्यावरही ऑगर फिरतच राहत असेल, तर कितीही स्वस्त असो, परत फिरा.

अजून एक खूण. ऑगरला दोन्ही बाजूंनी शिअर पिन नावाचे मऊ बोल्ट असतात. घरातल्या फ्यूजसारखं त्यांचं काम. दगड किंवा आइसचा गोळा अडकला की पिन तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. काही लोक "सारखी तुटते" म्हणून तिथे साधा कडक बोल्ट ठोकतात. मग पुढच्या वेळी पिनऐवजी गिअरबॉक्स तुटतो. असा बोल्ट दिसला तर समजून जा, मशीनला काय काय सोसावं लागलंय.

## शूट तुंबली तर? इथेच बोटं जातात!

मित्रांनो, बाकी लेख चाळलात तरी हरकत नाही, हा भाग नीट वाचा.

ओला स्नो शूटमध्ये चिकटतो आणि मशीन फेकायचं थांबतं. पाठीमागून बघताना वाटतं, किती सोपं आहे, वरून हात घालून एक ढेकूळ काढलं की झालं. थंडी वाजत असते, ऑफिसला उशीर होत असतो, जाड हातमोज्यामुळे हात सुरक्षित आहे असंही वाटतं. आणि लोक हात घालतात. अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक स्नो ब्लोअरच्या जखमा घेऊन इमर्जन्सीत जातात. त्यात तुटलेली बोटं ही नेहमीची गोष्ट आहे.

आता तो मुद्दा, जो सुरुवातीला सांगितला होता. "पण मी तर इंजिन बंद केलं होतं!" असं म्हणणारेही त्यात असतात. होतं असं की, पंखा पूर्ण ताकदीनं फिरायचा प्रयत्न करत असताना ढेकळाने त्याला रोखून धरलेलं असतं. पट्ट्यात, आतल्या भागांत ताण अडकून राहतो, दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा. इंजिन बंद केलं तरी तो ताण कुठे जात नाही. तुम्ही बोटाने ढेकूळ मोकळं केलंत, की अडवणारं कुणी उरत नाही आणि पंखा झटक्यात थोडासा फिरतो. अर्धाच फेरा. पण बोट त्याच अर्ध्या फेऱ्यात असतं.

हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेने अशा अपघातांत दिसणारी परिस्थिती सांगितली आहे. ओला, जड स्नो, सहा इंचांहून जास्त थर, आणि तापमान २८ अंश फॅरनहाइट म्हणजे उणे २ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त. गंमत बघा, कडाक्याच्या थंडीत स्नो कोरडा राहतो आणि उडून जातो. हवा जरा बरी असते, तेव्हाच तो चिकटतो आणि हात आत जातो. म्हणजे वेदर ॲपवर तापमान शून्याच्या आसपास आणि भरपूर स्नो दिसला, तर त्या दिवशी शूट तुंबणार हे गृहीत धरूनच बाहेर पडा.

तुंबल्यावर करायचं ते असं, याच क्रमाने:

१. दोन्ही दांडे सोडा.
२. इंजिन बंद करा. चावी काढून खिशात टाका. बॅटरीवाला असेल तर बॅटरी बाहेर, वायरवाला असेल तर पिन बाहेर. पेट्रोलच्या मशीनवर स्पार्क प्लगची वायरही काढून ठेवली तर उत्तम.
३. फिरणारं सगळं थांबलंय हे डोळ्यांनी बघा. निदान पाच सेकंद थांबा.
४. मशीनवरच क्लिपमध्ये अडकवलेली प्लास्टिकची काठी असते, ती घ्या. नसेल तर झाडूचा मजबूत दांडा. त्यानेच ढेकूळ फोडा.
५. हात आणि पाय शूटमध्ये किंवा ऑगरजवळ कधीच नाही. हातमोजा घालून नाही, "फक्त एकदा" म्हणूनही नाही.

ती काठी जुन्या मशीनवर बहुतेक वेळा हरवलेली असते. सेकंडहँड घेतलंत तर त्याच दिवशी एक दांडा सुतळीने हँडलला बांधून टाका. काठी शोधायला गॅरेजमध्ये जावं लागलं की माणूस हातच घालतो.

मुळात तुंबू नये म्हणूनही थोडं करता येतं. शूटच्या आतून सिलिकॉनचा स्प्रे मारा. इंजिन नेहमी पूर्ण वेगात ठेवा, पुढे जायची गती मात्र कमी. ओला स्नो असेल तर पूर्ण रुंदी न घेता अर्ध्याच पट्ट्यात चाला. आणि मशीन उबदार गॅरेजमधून काढून लगेच स्नोत घालू नका. गरम पत्र्यावर स्नो वितळतो, मग गोठतो आणि चिकटतो. आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन बाहेर थंड होऊ द्या.

## न दिसणारा धोका: कार्बन मोनॉक्साइड

बाहेर उणे पंधरा आहे, मग गॅरेजमध्येच इंजिन चालू करून जरा गरम करू, दार उघडं आहेच की! ही चूक जीवघेणी आहे. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तिकडची गॅरेज बहुतेक घराला चिकटून असतात, वर बेडरूम असते. दार उघडं असलं तरी वायू आत साचतो आणि घरात शिरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. मशीन ढकलत बाहेर न्या आणि बाहेरच चालू करा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, तो वाजतो का, हेही बघा.

याचाच दुसरा एक प्रकार फार कमी लोकांच्या लक्षात येतो. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची, म्हणजे फर्नेसची, धूर बाहेर सोडणारी प्लास्टिकची नळी बऱ्याच घरांत बाजूच्या भिंतीतून निघते, जमिनीपासून थोड्याच उंचीवर. तुम्ही उडवलेला स्नो नेमका तिथे जाऊन पडला तर नळी बुजते. मग भट्टी बंद पडते किंवा धूर घरात फिरतो. हिवाळ्याआधी या नळ्या कुठे आहेत ते बघून ठेवा आणि शूटचं तोंड तिकडे वळवू नका.

पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड असताना, बाहेर, आधीच. अर्ध्या कामात संपलं तर थोडा वेळ थांबा. गरम सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल पेटतं.

## प्रत्यक्ष चालवताना

पहिला स्नो पडायच्या आधीच ड्राइव्हवेच्या कडेला उंच काठ्या रोवून ठेवा. सगळं पांढरं झाल्यावर फरशी कुठे संपते आणि फुलझाडं कुठे सुरू होतात, ते कळत नाही. पायपुसणं, पाण्याचा पाइप, मुलांची खेळणी, दगड उचलून ठेवा. पायपुसणं ऑगरमध्ये गुंडाळलं गेलं तर काढताना जीव मेटाकुटीला येतो.

कपडे उबदार हवेत, पण लोंबते नकोत. मफलरचं टोक, जॅकेटची दोरी, ओढणी आत खोचा. लांब केस बांधून टोपीत. बूट घसरणार नाहीत असे. डोळ्यांवर गॉगल आणि पेट्रोलच्या मशीनला कानांवर आवाज रोखणारे इअरमफ. इअरबड्स लावून गाणी ऐकत चालवू नका, मागून आलेली गाडी किंवा धावत आलेलं मूल कळणार नाही. फोन आतल्या खिशात ठेवा. पडलात तर लागेल, आणि उबेत राहिला तर बॅटरीही टिकेल. रील काढायचं असेल तर ते दुसऱ्या कुणाला, लांब उभं राहून काढू द्या.

सुरुवात ड्राइव्हवेच्या मधून करा आणि दोन्ही बाजूंना स्नो टाकत जा, म्हणजे तोच स्नो दोनदा उपसावा लागत नाही. वारा ज्या दिशेने वाहतोय त्याच दिशेला फेका, नाहीतर सगळा तोंडावर येतो. शूटसमोर माणूस, कुत्रा, खिडकी, गाडी काहीही नको. स्नोबरोबर लपलेला दगडही त्याच वेगाने जातो. लहान मुलांना हे फार मजेशीर वाटतं आणि ती जवळ येतात, म्हणून काम संपेपर्यंत त्यांना घरातच ठेवा. रस्त्यावर स्नो फेकणं बऱ्याच शहरांत बेकायदेशीर आहे. शेजाऱ्याच्या अंगणात फेकणं बेकायदेशीर असो-नसो, करू नका.

उतार असेल तर वर-खाली चाला, तीव्र उतारावर आडवं नाही. त्या दारातल्या बांधाला मशीनने धडका देऊ नका. आधी फावड्याने फोडून सैल करा, मग वरच्या थरापासून थोडं थोडं घ्या. आणि मोठं वादळ असेल तर सगळं थांबायची वाट न बघता मधेच एकदा काढून टाका. १५-१५ सेंटीमीटर दोनदा काढणं, ३० सेंटीमीटर एकदम काढण्यापेक्षा मशीनलाही सोपं आणि तुम्हालाही.

काम झालं की मिनिटभर ऑगर रिकामा फिरू द्या. आत राहिलेला स्नो उडून जातो. नाहीतर तो रात्रीत गोठतो आणि सकाळी ऑगर जागचा हलत नाही.

## हिवाळा संपल्यावर

पेट्रोलच्या मशीनची सगळ्यात जास्त वाट लागते ती उन्हाळ्यात, काहीही न करता. टाकीत राहिलेलं पेट्रोल महिन्यांनी शिळं होतं, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं, आणि नोव्हेंबरमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. वसंत ऋतूत टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, किंवा ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाकून काही मिनिटं चालवून ठेवा. इंजिन ऑइल बदला. बॅटरीवाल्याचं काम हलकं: बॅटरी काढून, अर्धीअधिक चार्ज ठेवून, कोरड्या आणि फार गरम नसलेल्या जागी ठेवायची.

आणि फोनचा एक खरा उपयोग. मशीनचा मॉडेल नंबर असलेल्या पट्टीचा, शिअर पिनच्या पाकिटाचा आणि पट्ट्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, मॅन्युअलची पीडीएफही उतरवून घ्या. पिन तुटते ती रविवारी पहाटे, दुकानं बंद असताना, म्हणून दोन-चार पिना आधीच आणून गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवा.